पदाला वन्समोअर, नाटकाला खो

तीसेक वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतोय. पाय भात्यावर, डोळे नटाच्या श्वासावर आणि एक कान कायम प्रेक्षागृहाकडे. कारण पद संपता संपता 'वन्समोअर' आला, तर बोटं पुन्हा मुखड्यावर न्यायला जेमतेम क्षणभर मिळतो.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि मराठी माणसाला पदांची चटक लागली. पुढे नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायची. एखादं पद दुसऱ्यांदा मागितलं म्हणून कुणाचा खोळंबा होत नसे. रेडिओ नव्हता, ग्रामोफोन श्रीमंताघरचा. जीव लावणारं पद पुन्हा ऐकायचं तर तिथेच, त्याच गळ्याकडून. म्हणून वन्समोअरला मी सरसकट उर्मटपणा म्हणणार नाही.

पण प्रेमाचीही जबरदस्ती होते. 1919 साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आला. सिंधूच्या घरात दाणा नाही, नवरा दारूपायी वाया गेलेला, आणि तिचं पद संपताच पिटातून आरोळी: वन्समोअर! सिंधूच्या भूमिकेतले बालगंधर्व ते देत. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, पुढे तबल्यावर थिरकवाँसाहेब. असा मेळ असल्यावर पुन्हा ऐकावंसं वाटणारच. तरी दुसऱ्यांदा गातो तो गवई. सिंधू तोवर निघून गेलेली असते आणि तिला परत आणायला नटाला निम्मा प्रवेश खर्ची घालावा लागतो. हे मी माझ्या जागेवरून शेकडो वेळा पाहिलंय.

8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. दोन नाटक कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर! त्या रात्री लोक नाटकाला नव्हे, गाण्याला आले होते, आणि त्यात गैर काही नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांत केशवराव गेले. तो योग तिथेच संपला.

1933 मध्ये 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं. मोजकी पदं, तीही प्रसंगाच्या ओघात. पदानं कथेला अडवू नये, हे तिथे रंगमंचावरूनच सांगितलं गेलं. मला तो धडा आजही बरोबर वाटतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुसरा अंक, आमच्या गायिकेनं तार षड्ज लावलेला, तबला थांबलेला, मी फक्त सूर धरून होतो. तिसऱ्या रांगेत मोबाइल वाजला. त्याचा स्वर आमच्यापेक्षा अर्ध्या सुरानं उतरलेला. गृहस्थांनी तो उचलला आणि बोलले, "नाटकाला आलोय, बोल." तिचा षड्ज हलला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. ते भूमिकेचं नव्हतं. पद संपल्यावर सगळ्यात मोठ्यानं वन्समोअर मागणारा आवाज त्याच रांगेतून आला. तिनं हात जोडले आणि पुन्हा गायली.

मंडळी, पद आवडलं तर घसघशीत टाळी द्या, आम्ही तिच्यावरच जगतो. वन्समोअर मागायचाच असेल, तर आधी प्रवेशाकडे बघा. दुःखाच्या जागी मागू नका. आणि तिसरी घंटा झाली की फोन बंद करा.