नाकारलेल्या पाहुण्या

बाभुळगावहून यवतमाळला जाणारा रस्ता आमच्या नित्य परिचयाचा आहे. जिल्ह्याच्या त्या शहरात ११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवसांत ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी प्रख्यात कादंबरीकार नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. परंतु इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनात कशाला, असा विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि काही दिवस आधी ते निमंत्रण मागे घेण्यात आले. आपल्या जिल्ह्याच्या दारातून ज्यांना परतविले त्या बाई कोण, हे आपल्या कुटुंबांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

सहगल यांचा जन्म १९२७ चा. आई विजयालक्ष्मी पंडित, मामा पंडित नेहरू. वडील रणजित सीताराम पंडित हे मात्र मराठी घराण्यातले. त्यांनी कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतर केले. स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवासाने प्रकृती खालावली आणि जानेवारी १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. सत्तेविरुद्ध सत्य बोलण्याची किंमत काय असते, हे या मुलीने घरातच पाहिले.

स्वतंत्र भारताने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचे ध्येय स्वीकारले. कारखाना काढायचा तर सरकारी परवाना हवा. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. दीनदुबळ्यांचा कैवार घेणाऱ्या राज्याविषयी आम्हां ख्रिस्ती लोकांना ममत्व वाटणे स्वाभाविकच आहे. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी १८९१ साली कामगारांच्या न्याय्य हक्कांचा पुरस्कार केला तो याच कळकळीने. पण सारे काही राज्याच्या हाती सोपविण्यास त्यांनी विरोध केला होता. त्या विरोधाचे मर्म पुढे आपल्या देशाला कळले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात असतानाच, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द घातला गेला. शब्द उदात्त होता, परंतु ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांना बोलण्याची मुभा नव्हती. त्याच काळात आपल्या दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भय वाणी उच्चारली आणि पुढे त्यांना कारावास घडला. सहगल तर पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सख्ख्या आतेबहीण. गप्प राहिल्या असत्या तर त्यांचे काहीच बिघडले नसते. त्या मात्र विरोधात उभ्या राहिल्या. जनता सरकारने त्यांची इटलीतील राजदूतपदी निवड केली होती. १९८० मध्ये सत्ता पालटताच ती रद्द झाली.

त्यांची 'रिच लाइक अस' ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील सोनाली रानडे ही तरुण सनदी अधिकारी एका परदेशी उद्योगाचा अयोग्य प्रस्ताव नाकारते आणि पदावरून दूर केली जाते. समाजवादाच्या नावाखाली कोणाचे उखळ पांढरे होते, ते येथे उघडे पडते. याच कादंबरीला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रशियात पास्तरनाक यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक नाकारावे लागले होते. आपल्या देशात असे पुस्तक गौरविले गेले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. तोच पुरस्कार सहगल यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये परत केला. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी यांच्या हत्यांनंतरचे मौन त्यांना असह्य झाले होते. म्हणजे त्यांचा झगडा एका पक्षाशी नव्हता.

यवतमाळला अखेर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीला मिळाला. तो मान योग्यच होता. पण एकीला बोलू देण्यासाठी दुसरीला गप्प करण्याची गरज नव्हती. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनीही झाल्या प्रकाराबद्दल व्यासपीठावरूनच नापसंती व्यक्त केली.

इतरांकडे बोट दाखविताना आपण आपल्याही घरात डोकवावे. आपल्या चर्चनेही १५५९ पासून निषिद्ध ग्रंथांची सूची चालविली. ती १९६६ मध्ये बंद झाली. आज आपल्या धर्मग्रामाच्या सभेत एखादी भगिनी हिशेब विचारते तेव्हा आम्ही धर्मगुरू तिचे शांतपणे ऐकतो काय? प्रत्येक वेळी ऐकतोच, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी कापून शेगडीत जाळली, ही कथा आपणांस ठाऊक आहे. यिर्मयाने बारूखाकडून ती पुन्हा लिहवून घेतली आणि पूर्वीपेक्षा अधिक मजकूर त्यात घातला. राजे आपल्या बऱ्यासाठीच गप्प बसवितो म्हणतात. पण गरिबाला भाकरी हवी तशीच वाणीही हवी. एक देऊन दुसरी हिरावणारे राज्य, संमेलन वा धर्मग्राम त्याचे खरे कल्याण करू शकत नाही.