ब्रेन हॅमरेज : सीटी स्कॅन बघून ‘पेशंट वाचेल का’ हे सांगता येतं का?

आयसीयूबाहेर ताटकळलेले नातेवाईक, मोबाईलमध्ये सीटी स्कॅनचा फोटो आणि तो ओळखीच्या डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून विचारलेला एकच प्रश्न : “वाचतील ना?” त्या फोटोतून खरंच किती कळतं, ते समजून घेऊया.

ब्रेन हॅमरेज म्हणजे काय?

मेंदूतली रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत साठतं, तेव्हा त्याला ब्रेन हॅमरेज म्हणतात. हा स्ट्रोकचाच एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद होते. लक्षणं दोन्हीकडे सारखीच : तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं. फरक खात्रीने कळतो तो स्कॅनमध्ये. सीटीवर ताजं रक्त पांढरं दिसतं. म्हणूनच स्कॅन होण्याआधी घरच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी देऊ नये.

स्कॅनमध्ये डॉक्टर काय बघतात?

रक्त किती साठलंय? पांढऱ्या डागाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि २ ने भागतात. म्हणजे ५ × ४ × ३ = ६०, त्याचे निम्मे ३० मिली. खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं माप तीनदा भरेल, इतकंच. पण बंद कवटीत तेवढंही फार होतं.

कुठे साठलंय? श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या ब्रेनस्टेममध्ये थोडंसं रक्तही घातक ठरू शकतं.

मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये उतरलंय का? तिथलं पाणी तुंबून मेंदूवर दाब वाढू शकतो.

अजून वाढतंय का? साधारण तीनपैकी एका पेशंटमध्ये पहिल्या दिवसातच रक्तस्राव वाढतो. शिरेतून डाय देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये कधी कधी गळतीचा ठिपका दिसतो. तो धोक्याचा इशारा असतो.

स्कोअर कसा काढतात?

२००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉ. क्लॉड हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी १५२ पेशंटच्या नोंदींवरून ‘आयसीएच स्कोअर’ तयार केला. रक्त ३० मिली किंवा जास्त असेल तर १ गुण. मेंदूच्या खालच्या भागात, म्हणजे ब्रेनस्टेम किंवा लहान मेंदूत असेल तर १. पोकळ्यांमध्ये उतरलं असेल तर १. वय ८० किंवा जास्त असेल तर १. आणि पेशंटची शुद्ध जितकी कमी, त्यानुसार ०, १ किंवा २. एकूण ६ पैकी.

त्या नोंदींमध्ये स्कोअर ० असलेले सगळे पेशंट ३० दिवसांनंतर जिवंत होते. स्कोअर २ असलेल्यांपैकी २६ टक्के आणि ३ असलेल्यांपैकी ७२ टक्के दगावले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शुद्ध आणि वय या दोन गोष्टी स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. त्यामुळे नुसत्या फोटोवरून हा स्कोअरही पूर्ण निघत नाही.

मग स्कोअर म्हणजे निकाल का?

नाही. ७२ टक्के हा आकडा गटाचा आहे. तुमचा माणूस उरलेल्या २८ मध्ये आहे का, हे तो सांगत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. “आता काही उपयोग नाही” म्हणून उपचार लवकर थांबवले की पेशंट जातो. तो मृत्यू आकडेवारीत जमा होतो आणि पुढच्या पेशंटसाठी आकडा आणखी निराशाजनक दिसतो. भाकीत स्वतःलाच खरं ठरवतं.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, पेशंटने आधीच तशी इच्छा नोंदवलेली नसेल, तर उपचार मर्यादित करण्याचा नवा निर्णय किमान दुसरा पूर्ण दिवस होईपर्यंत पुढे ढकलणं योग्य. आणि तो निर्णय फक्त स्कोअरवरून घेऊ नये.

डॉक्टरांना काय विचाराल?

“वाचतील ना?” हे तर विचाराच. सोबत हेही विचारा : रक्त किती आणि कुठे आहे? दुसऱ्या स्कॅनमध्ये ते वाढलंय का? शुद्ध कालच्यापेक्षा बरी आहे का? वाचले तर स्वतःचं स्वतः किती करू शकतील?

या उत्तरांसाठी एक-दोन दिवस थांबावं लागलं, तर तो वेळ वाया गेलेला नसतो.