कात्रणाची मागची बाजू

अमेरिकेतला क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीच्या नात्यातली वस्तू. वर तुकडे जोडून केलेला नक्षीदार पदर, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर आणि तिन्हींना धरून ठेवणारे टाके. वरचा पदर बहुतेक वेळा सारख्या मापाच्या ब्लॉकांचा असतो, आणि विसाव्या शतकात या ब्लॉकांचे नमुने बायकांच्या हाती पडले ते मोठ्या प्रमाणावर छापील कागदावरून. 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने षटकोनी तुकड्यांचा नमुना १८३५ मध्येच छापला होता, आणि त्याच शतकाच्या अखेरीस सेंट लुइसची लेडीज आर्ट कंपनी टपालाने नमुने विकत होती. पुढे 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्राने २२ सप्टेंबर १९२८ रोजी रूबी शॉर्ट मॅककिम यांचा पाइन वृक्षाचा नमुना दिला आणि १९६१ पर्यंत हजारावर नमुने छापले. ते कापायचे, पुठ्ठ्यावर गिरवून फर्मा करायचा आणि कागद जपून ठेवायचा. कुणी वहीत चिकटवले, कुणी पाकिटात घातले, कुणी बुटांच्या खोक्यात. ही ठेवण किरकोळ घरगुती बाब वाटते. मला मात्र वाटतं की या कलेचा इतिहास आज जेवढा लिहिता येतो तो या ठेवणीमुळे, आणि जिथे तो अडतो तिथेही कारण तीच आहे.

पहिली अडचण नावांची. संग्रह लावायचा म्हटलं की हात आधी नावाकडे जातो, आणि इथे नावच सर्वांत फसवं. रुथ फिनली यांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात एकाच ब्लॉकची तीन नावं नोंदवली आहेत: एका भागात अस्वलाचा पंजा, दुसऱ्या भागात चिखलातलं बदकाचं पाऊल, तर फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळींत मैत्रीचा हात. वर्तमानपत्रांनी हा गुंता वाढवला, कारण जुन्या नमुन्याला नवं नाव दिलं की तो नवा वाटे. कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या शिवणकाम करणाऱ्या कॅरी हॉल यांनी यावर उत्तर शोधलं ते कापडातच. मिळेल त्या नमुन्याचा एक ब्लॉक शिवून ठेवत त्यांनी आठशेहून अधिक ब्लॉक जमवले, १९३५ मध्ये रोझ क्रेट्सिंगर यांच्यासह त्यावर पुस्तक काढलं, आणि पुढे हा संग्रह कॅन्सस विद्यापीठाला दिला. तरीही ओळख पटवायला नावच लागत होतं. ती गाठ बार्बरा ब्रॅकमन यांनी सोडवली. त्यांनी नमुने रचनेनुसार लावले: ब्लॉक किती घरांत विभागला आहे, चार की नऊ, की मध्याभोवती फिरणारा आहे, आणि प्रत्येक रचनेला क्रमांक. त्यांच्या १९९३ च्या कोशात चार हजारांहून अधिक नमुने आहेत. क्रमांकाखाली छापून आलेली नावं आणि ती कुठे आली तेही. पण अशा कोशाला लागणारा कच्चा माल कुणाकडे होता? ज्यांनी हे कागद फेकले नाहीत, त्या बायकांकडे.

वर्तमानपत्रांच्या फायली ग्रंथालयांत असतातच, मग बायकांच्या खोक्यांचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. फायलींचं मोल मी नाकारत नाही. तारीख शेवटी तिथेच पक्की होते. पण तीन दशकांच्या अंकांत एक चौकोनी चित्र शोधायचं तर ते तिथे आहे हे आधी कळायला हवं, आणि ते सांगतं कात्रण. शिवाय फाइल सांगते काय छापलं गेलं. कुणाला काय ठेवावंसं वाटलं हे फक्त खोकं सांगतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे नमुने व्यापारी होते, 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये ज्या नावाने नमुने येत ते नॅन्सी कॅबट हेसुद्धा टोपणनाव होतं, मग यात लोकपरंपरा कुठली? मला ती पुढच्या प्रवासात दिसते. 'स्टार'मध्ये वाचकांनी पाठवलेले नमुनेही छापले जात. विसाव्या शतकाच्या मध्यावर बायका नमुने गिरवून एकमेकींना टपालाने पाठवत होत्या, आणि सेंट लुइसच्या कृष्णवर्णीय अभ्यासक क्वेस्टा बेनबेरी अशा देवाणघेवाणीतूनच इतिहासाकडे वळल्या. छापखान्यातून आलेली गोष्ट इतक्या हातांतून गेली की ती त्या हातांचीही होते.

ठेवणीने केलेलं नुकसानही मोठं आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. उजेडात, हवेत तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. नमुन्याच्या कडेला धरून नीट कापलं की पत्राचं नाव आणि तारीख केरात जाते. म्हणून वहीची टापटीप पाहून मला आनंद होतो तसं वाईटही वाटतं. वहीने कागद सांभाळला, पानांचा क्रम सांभाळला, पण खळीने मागची बाजू कायमची बंद केली. पाकिटात सुटी राहिलेली कात्रणं चुरगळली असतील, पण उलटून पाहता येतात. मागे एखादी अर्धी जाहिरात असते, डुकरांचे बाजारभाव असतात, एखाद्या चित्रपटाचं नाव असतं, आणि तेवढ्यावरून वर्ष, कधी आठवडाही ठरवता येतो. असा संग्रह हाती आला की अनेकजण तो लगेच वर्णानुक्रमे लावायला बसतात. त्याआधी प्रत्येक पाकिटात काय एकत्र होतं याची नोंद करावी आणि प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचं छायाचित्र घ्यावं.