पोकळीचे पेटंट

भाऊबीजेच्या दुपारी आमच्या घरी पुऱ्यांचा घाणा निघतो. यंदा माझी धाकटी भाची पाटावर बसून एकेक पुरी बोटाने फोडीत होती. मधेच तिने विचारले, “मामा, ह्याच्या आत काय असतं?” मी म्हटले, “वाफ.” तिने पुरी उघडून आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, “काहीच तर नाही!” मग आईकडे वळून, “आई, हे काहीच-नाही तू कसं केलंस?”

माझ्या बहिणीने उत्तरादाखल तिच्या पानात आणखी एक पुरी वाढली. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकलो. कारण गेले कित्येक दिवस मी जे जुने कागद वाचीत होतो, त्यांत नेमके ह्याच “काहीच-नाही”वर मोठमोठ्या कंपन्यांनी हक्क सांगितले होते. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे सरकले नाही, आणि रसायनशास्त्राशी संबंध शाळेच्या प्रयोगशाळेतील बरण्या पुसण्यापुरताच. तरीही वाचकहो, ही कथा मला एखाद्या कादंबरीइतकी रंगतदार वाटली, म्हणून फराळाच्या ताटाबरोबर आपल्यापुढे ठेवतो.

आधी पेटंट म्हणजे काय ते पाहू. मूळ शब्दाचा अर्थ “उघडे पत्र”. राजाने मोहोर लावून, पण लखोटा बंद न करता, सर्वांना वाचण्यासाठी दिलेले पत्र. पेटंट म्हणजे गुपित, असा आपला समज असतो. वस्तुतः तो गुपिताच्या अगदी उलट सौदा आहे. तू तुझी युक्ती सगळ्यांना उघड सांग, आणि त्या बदल्यात काही वर्षे ती दुसऱ्या कोणी वापरायची नाही. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १४७४ मध्ये असा कायदा केला. इंग्लंडने १६२४ मध्ये मुदत ठरवली चौदा वर्षांची. म्हणजे सात-सात वर्षांच्या दोन उमेदवाऱ्या.

पण युक्ती खरोखर नवी आहे हे पाहायचे कोणी? अमेरिकेने १७९० मध्ये हे काम तीन बड्या अधिकाऱ्यांकडे सोपवले. त्यांत परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन होते. परराष्ट्राचा कारभार हाकायचा, की कोणा गृहस्थाची भट्टी तपासायची! तीनच वर्षांत ती पद्धत मोडली. मग फी भरील त्याला पेटंट, असा बाजार मांडला गेला, आणि एकाच यंत्राचे चार-चार मालक कोर्टात भांडू लागले. शेवटी १८३६ मध्ये पगारी परीक्षक नेमून अर्ज तपासण्याचे कार्यालय नीट उभे राहिले. इंग्लंड तर त्याहून संथ. अर्जातील युक्ती पूर्वी कोणी नोंदवली आहे का, हे शोधून पाहायला तेथे १९०५ साल उजाडले.

आता गोष्टीतला पहिला नायक. लिओ बेकलंड हा बेल्जियममधल्या गेंट गावच्या एका चांभाराचा मुलगा, जन्म १८६३ चा. शिकून रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, अमेरिकेत गेला, छायाचित्रांचा एक कागद शोधून काढला आणि तो हक्क १८९९ मध्ये ईस्टमन ह्यांना विकून श्रीमंत झाला. दुसरा कोणी असता तर स्वस्थ बसला असता. ह्याने घराशेजारी प्रयोगशाळा बांधली आणि लाखेच्या मागे लागला. लाख म्हणजे आपलीच. कौरवांनी जिचे घर बांधले आणि बांगडीवाले अजूनही जिचे चुडे वळतात ती. त्या काळी जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातून जाई. एका इवल्या किड्याच्या अंगातून पाझरणारी वस्तू, आणि विजेच्या तारांच्या नव्या धंद्याला ती हवी होती टनांनी. किडे काही कारखान्याच्या भोंग्यावर काम करीत नाहीत. तेव्हा कृत्रिम लाख करता येईल का?

बेकलंडने हाती घेतलेल्या दोन वस्तू नव्या नव्हत्या. एक फेनॉल, म्हणजे जुने कार्बॉलिक ॲसिड, दुसरी फॉर्मॅल्डिहाइड. आमच्या शाळेच्या बरणीत बेडूक ज्या पाण्यात तरंगतो, ते हिचेच पाणी. दोन्ही एकत्र तापवल्या की राळेसारखा चिकट गोळा होतो, हे जर्मनीत आडोल्फ फॉन बायर ह्यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. परंतु भांड्याच्या बुडाला बसलेली ही घाण कोण उचलणार, म्हणून त्यांनी ती सोडून दिली. पुढे अनेकांनी प्रयत्न केले. अडचण एकच होती: बुडबुडे. राळ घट्ट होताना तिच्यातून वायू आणि वाफ निघे, गोळा फसफसून येई आणि जाळीदार, ठिसूळ होऊन बसे. पुरी फुगली तर गृहिणीला आनंद; राळ फुगली की रसायनशास्त्रज्ञाच्या कपाळाला हात.

बेकलंडने काय केले? बुडबुड्यांना डोके वर काढूच दिले नाही. आपल्या प्रेशर कुकरच्या थोरल्या भावासारखे एक लोखंडी भांडे केले, त्यात राळ ठेवली आणि उष्णतेबरोबर जबर दाब दिला. बाहेर निघाला तो टणक, एकजीव, न वितळणारा गोळा. तेच बेकेलाइट. विजेची काळी बटणे, जुन्या टेलिफोनचा जड हात, कुकरची मूठ: आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांनी हे द्रव्य हजारदा हाताळले आहे. उष्णता आणि दाब ह्या कृतीचा अर्ज त्याने १३ जुलै १९०७ रोजी अमेरिकेच्या कार्यालयात दिला, आणि पेटंट हाती आले ७ डिसेंबर १९०९ ला. वस्तू जुनी, भांडे ओळखीचे. नवे एवढेच, की जिथे सगळे उष्णता कमी करून बुडबुडे टाळू पाहत होते, तिथे ह्याने उष्णता वाढवून वर दाब ठेवला.

इथे दुसरा माणूस येतो, आणि खरे सांगायचे तर माझा जीव ह्याच्यावरच अधिक जडला. जेम्स स्विनबर्न नावाचा स्कॉटलंडचा इंजिनिअर अगदी ह्याच दोन वस्तूंवर, ह्याच राळेसाठी स्वतंत्रपणे खपत होता. त्यालाही यश आले. तो आपला अर्ज घेऊन लंडनच्या पेटंट कार्यालयात गेला, तर बेकलंडचा अर्ज एक दिवस आधी येऊन पडला होता. एक दिवस! आमच्या शाळेत परीक्षेचा फॉर्म एक दिवस उशिरा आणणाऱ्या मुलांना मी कितीदा परत पाठवले आहे. त्या सर्वांची मला आता मनातल्या मनात क्षमा मागावीशी वाटते. पण नियमाला दुसरे करताही काय येणार? दोघांनी एकच गोष्ट शोधली, तर कागद आधी देणाऱ्याची ती, असे ठरवल्याशिवाय परीक्षकाची सुटका नाही.

बेकलंडच्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत १९२६ च्या डिसेंबरात संपली आणि ती कृती सर्वांची झाली. इतर कारखानदार सरसावले. काळ्या-तपकिरी राळेच्या जागी रंगीबेरंगी राळा बाजारात आल्या.

आणि मग तीस वर्षांनी कथेने कूस बदलली. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीला चिंता होती खनिज तेलाच्या टाक्यांची. उघड्या पृष्ठभागावरून तेल उडून जाई. त्यावर तरंगेल, टाकी भरली की वर आणि रिकामी झाली की खाली जाईल, असे पांघरूण हवे होते. तिथल्या फ्रँकलिन व्हीच आणि त्यांच्या सहकाऱ्याने तीच फेनॉलची राळ घेतली, पाण्यात विरघळवली, तिच्यात वायू सोडणारे द्रव्य मिसळले आणि तिचे तुषार गरम हवेत उडवले. प्रत्येक थेंब वाळता वाळता आतून फुगला आणि तसाच घट्ट झाला. केसाच्या जाडीच्या आतबाहेर असलेले, तांबूस पिठासारखे दिसणारे पोकळ गोल मणी! ह्याचे पेटंट १९५७ मध्ये मिळाले. ज्या बुडबुड्याला बेकलंडने लोखंडी भांड्यात दाबून मारले, त्यालाच पन्नास वर्षांनी ह्यांनी एकेकटा जन्माला घातला, आणि दोन्ही वेळा पेटंट कार्यालयाने “हे नवे आहे” असा शिक्का मारला.

पुढे हे मणी राळेत कालवले की वजनाला हलका पण कणखर असा पदार्थ होतो, हे ध्यानात आले. चंद्रावरून परतणाऱ्या अपोलो यानांच्या बुडाला जी उष्णतारोधक ढाल होती, तिच्या राळेत हे पोकळ मणी कालवलेले होते. मधाच्या पोळ्यासारख्या तीन लाखांहून अधिक घरांत ती राळ कामगारांनी एकेक घर हाताने भरून घातली. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना तो लेप जळत जळत झिजला आणि आतली माणसे सुखरूप राहिली. तेलाच्या टाकीचे पांघरूण १९६९ मध्ये चंद्रयात्रिकांचे झाले.

मग तर पोकळीचा हंगामच आला. डाऊ कंपनीने १९७१ मध्ये जे मणी नोंदवले ते लाह्यांसारखे: प्लॅस्टिकच्या इवल्या कवचात उडून जाणारा द्रव कोंडलेला, ऊब लागली की टरारून फुगणारा. फिलाडेल्फियाच्या रोम अँड हास कंपनीचे १९८४ चे मणी रंगासाठी. त्यांचा गाभा अल्कलीने फुगवायचा, वाळताना पाणी निघून जाते आणि आत उरते नुसती हवा. काच पांढरी नसते, पण काचेचा चुरा पांढरा दिसतो ना? तसाच ह्या पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो, आणि भिंतीच्या रंगातले महागडे पांढरे द्रव्य कमी लागते.

आता त्या परीक्षकाच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहा. समोर अर्ज येतो: “पोकळ मणी, व्यास इतका, कवच इतके जाड, पोकळी इतके टक्के.” पोकळी तर नवी नाही, राळही नाही. मग नवे काय? जगभरच्या पेटंटांची वर्गवारी केलेली आहे, आणि पोकळ मणी कालवलेल्या फेसाळ द्रव्यांना तिच्यात स्वतंत्र खण आहे. परीक्षक तो खण उपसतो. काही वेळा अर्जदार चतुर असतो. मणी जुनाच, पण आजवर कोणी न घेतलेले माप घेऊन तो म्हणतो, “हे माप असलेला मणी माझा.” परीक्षकाने विचारायचे असते: बाबा रे, पुरी जुनी आणि फूटपट्टी तेवढी नवी, असे तर नाही ना? अमेरिकेत १९८५ मध्ये एका मिश्रधातूचा दावा असाच कोसळला. एका जुन्या रशियन लेखातील आलेखावर त्याच मिश्रणाचा एक ठिपका होता. त्या ठिपक्याने एका कंपनीचा हक्क बुडवला. त्याहून जुना खटला दरवाजाच्या मुठीचा. लाकडी किंवा धातूच्या मुठीऐवजी मातीची भाजलेली मूठ बसवली. १८५१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हे चांगल्या कारागिराचे काम झाले, संशोधकाचे नव्हे.

परीक्षक चुकतोही. नरकचतुर्दशीला आपण अंगाला उटणे लावले, त्यातली हळद आठवा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये चक्क मिळाले होते! परीक्षकाच्या खणात आपल्या आजीबाईंचा बटवा नव्हता. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने बत्तीस लेखी पुरावे पाठवले, त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेखही. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. आणि त्यांचा स्वतःचा विषय, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपासून, पॉलिमर. म्हणजे हळदीसाठी भांडायला उभा राहिला तोही राळेच्याच कुळातला माणूस. आजी म्हणते म्हणून चालत नाही, लिहिलेले दाखवावे लागते, हे तेव्हा आपल्याला कळले आणि २००१ पासून जुन्या ग्रंथांतील औषधांची सूची परीक्षकांसाठी तयार होऊ लागली.

स्विनबर्नचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तो रुसून बसला नाही. कृती गेली, पण राळेपासून पितळेवर लावायचा लेप करता येतो हे त्याला ठाऊक होते. त्याने १९१० मध्ये त्या लेपाची कंपनी काढली. बेकलंडशी भांडण्याऐवजी पुढे त्याच्याशी समेट केला, आणि १९२६ मध्ये इंग्लंडात बेकेलाइट लिमिटेड स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला तो एक दिवस उशीर झालेला हाच गृहस्थ. बेकलंड १९४४ मध्ये वारले. त्यांच्या राळेचे पोकळ मणी १९५७ मध्ये पेटंट कार्यालयातून बाहेर पडले, तेव्हा स्विनबर्न नव्व्याण्णव वर्षांचे होते. आणि शंभरी पुरी करून पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये ते गेले.