ताहितीचा कापूस, तलवाड्यातून पाहताना

मंडळी, तलवाड्यात त्वरितादेवीची टेकडी आपण चढतो, तेव्हा पायाखाली असतो तो काळा पत्थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. प्रशांत महासागरातलं ताहिती बेटही लाव्ह्याचंच, पण वयानं फार लहान. पर्यटक तिथे निळं पाणी बघायला जातात. आपण कापसाच्या वाटेनं जाऊ.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, भाव कडाडले. इकडे वऱ्हाडात पैसा खेळू लागला, आणि तिकडे ताहितीत, आतिमाओनोला, विल्यम स्ट्यूअर्ट नावाच्या माणसानं कापसाचा प्रचंड मळा काढला. वेचणीला हात कुठून आणायचे? १८६५ पासून चीनमधून हजारेक मजूर करारावर आणले. करार म्हणजे काय, हे ऊसतोडीची उचल घेणाऱ्या बीड जिल्ह्याला आम्ही काय सांगावं!

गंमत अशी, आणि गंमत तरी कसली म्हणा, त्याच वर्षी अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळले. मळा रखडत चालला. १८६९ मध्ये मजुरांच्या मारामारीत एक खून झाला आणि चिम सू कुंग या मजुराला गिलोटिनखाली मारलं गेलं. १८७३ मध्ये कंपनी बुडाली. स्ट्यूअर्टही त्याच वर्षी वारला.

बरेच मजूर परत गेले, काही राहिले. पुढे आणखी चिनी आले. ताहितीत आजही ‘मा तिनितो’ नावाचा पदार्थ आवडीनं खातात. डुकराचं मांस आणि राजमा. नावाचा अर्थ, चिनी जेवण.