आल्प्समधील गिरिनिवारा : एक ऐतिहासिक विचार

पर्वतारोहकांना रात्र काढता यावी म्हणून उंचावर बांधलेल्या घराला जर्मनमध्ये ‘ह्युट्टे’, फ्रेंचमध्ये ‘काबान’ आणि इटालियनमध्ये ‘कापान्ना’ म्हणतात. या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ झोपडी हाच होय. मराठीत या वस्तूला रूढ शब्द नाही. ‘धर्मशाळा’ हा शब्द हेतूच्या दृष्टीने जवळचा खरा. परंतु त्याबरोबर तीर्थयात्रेची कल्पना येते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘गिरिनिवारा’ असा शब्द योजिला आहे. युरोपीय भाषांत नाव झोपडीचेच राहिले. वस्तू मात्र पार पालटली. हा पालट कसा घडला व त्यातून कोणता प्रश्न निर्माण झाला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

इ. स. १८६३ मध्ये स्विस आल्पाइन क्लबची स्थापना झाली आणि त्याच वर्षी त्याने ट्योडी पर्वतावर ग्र्युनहॉर्न हा आपला पहिला निवारा उभारला. वारा व हिम यांपासून रक्षण, एवढीच तेव्हाची अपेक्षा. पुढे निवारे अधिक उंच चढले. मोंते रोझा पर्वतसमूहातील एका शिखरावर, ४,५५४ मीटर उंचीवर, १८९३ मध्ये ‘कापान्ना मार्गेरिता’ उभी राहिली. तिचे लाकडी भाग खाली तयार करून खेचरांच्या व हमालांच्या पाठीवरून वर नेण्यात आले. येथेच या वास्तुप्रकाराचा मूलभूत नियम स्पष्ट होतो : उंचावर जे लागते ते वाहून न्यावे लागते, आणि जे उरते त्याचीही विल्हेवाट लावावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेलिकॉप्टर आले. त्याने हमालाचे ओझे हलके केले. पर्वतावरील भार मात्र हलका झाला नाही. सोयी वाढल्या, तसे इंधन वाढले आणि सांडपाणीही वाढले.

या भाराचा शास्त्रीय विचार करण्याचा एक ठळक प्रयत्न म्हणजे त्सेरमाटजवळील नवा मोंते रोझा निवारा होय. त्या परिसरात १८९५ पासून निवारा होता. झुरिकच्या संघीय तंत्रविद्यासंस्थेने आपल्या दीडशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने आल्पाइन क्लबच्या सहकार्याने नवी वास्तू योजिली. वास्तुविशारद आंद्रेआ डेप्लाझेस यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी तिच्या आराखड्यावर काम केले. २,८८३ मीटर उंचीवरील ही वास्तू २००९ मध्ये पूर्ण झाली. आत लाकडी सांगाडा, बाहेर ॲल्युमिनियमचे आवरण, पाच मजले व १२० जणांची निजण्याची सोय, असे तिचे स्वरूप आहे. दक्षिणेकडील भिंतीवरील सौरपट्ट्या वीज देतात. उन्हाळ्यात वितळणारे पाणी वरच्या बाजूच्या, खडकात खोदलेल्या टाकीत साठवून वर्षभर पुरविले जाते. सांडपाणी शुद्ध करून तेच शौचालयांसाठी पुन्हा वापरतात. ऊर्जेची सुमारे ९० टक्के गरज जागच्या जागी भागवावी, असे उद्दिष्ट होते.

परंतु अनुभव वेगळाच शिकवून गेला. वास्तूची कीर्ती पसरली आणि अपेक्षेहून अधिक लोक येऊ लागले. पाहुणे वाढले तसा सांडपाण्याच्या शुद्धीकरणाला लागणारा वीजखर्च वाढला, आणि पूरक यंत्राचा आधार अधिक घ्यावा लागला. स्वयंपूर्णतेचे गणित बिघडले ते भिंतींच्या दोषामुळे नव्हे, तर वास्तूच्या यशामुळे.

दुसरी अडचण खुद्द पर्वताचीच आहे. आलेच हिमनदीवरील कोंकोर्डिया निवारा १८७७ मध्ये बर्फाच्या पृष्ठापासून सुमारे ५० मीटरांवर बांधला गेला. बर्फ खाली खाली जात राहिले, आणि आज तेथे पोचण्यास चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. घर होते तेथेच आहे; त्याची भूमी मात्र दूर गेली. वितळलेल्या पाण्यावर विसंबणाऱ्या नव्या वास्तूंनाही हा इशारा विसरता येणार नाही.

तात्पर्य, पर्यावरणाशी मिळतीजुळती वास्तू ही केवळ सामग्री व यंत्रे यांची निष्पत्ती नव्हे. निवाऱ्यात किती जणांना व किती सोयींसह सामावून घ्यावयाचे, हा निर्णयही आराखड्याचाच भाग मानला पाहिजे. ‘झोपडी’ या जुन्या नावात ही मर्यादा अनुस्यूत होती. वस्तू बदलली तरी नावातील तो अर्थ नव्या वास्तुविशारदाने गमावू नये.