हरकती व सूचना (नगररचना)

हरकती व सूचना : शहराचा किंवा प्रदेशाचा आराखडा पक्का होण्यापूर्वी त्यावर लेखी आक्षेप घेण्याची आणि सुनावणीत म्हणणे मांडण्याची नागरिकांना असलेली कायदेशीर सोय. महाराष्ट्रात तिचा आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. उपनगरात नवी वसाहत उभी राहते ती बहुधा कालपरवापर्यंतच्या शेतावर नाहीतर डोंगरउतारावर. नकाशावर त्या जमिनीचा रंग हिरव्याचा पिवळा झाला, म्हणजे शेती विभागातून ती रहिवास विभागात गेली, की मुख्य निर्णय होऊन गेलेला असतो. हरकतीला वजन आहे ते या रंगबदलाच्या वेळी. पुढे इमारतींचे नकाशे मंजूर होताना शेजारपाजाऱ्यांना कोणी विचारत नाही.

रीत अशी. नियोजन प्राधिकरण (महापालिका, नगरपालिका, सिडको, पुणे महानगर प्रदेशाचे पीएमआरडीए वगैरे) प्रारूप विकास आराखडा तयार करते आणि कलम २६ खाली राजपत्रात नोटीस काढून हरकती मागवते. कलम २८ प्रमाणे त्या ऐकायला नियोजन समिती बसते : स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेची किंवा पर्यावरणाची जाण असलेले, बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार. समितीच्या अहवालानंतर आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. शासनाने त्यात मोठे बदल सुचवले तर तेवढ्यापुरत्या हरकती पुन्हा मागवाव्या लागतात. मंजूर आराखड्यात नंतर एखाद्या जमिनीपुरता फेरबदल करायचा तर कलम ३७ आहे. ‘आराखड्याचे स्वरूप बदलणार नाही’ इतकाच बदल त्यात करता येतो. स्वरूप बदलले की नाही, यावर अर्थातच सर्वांचे एकमत क्वचित होते.

हरकतदारांत विरोधकच असतात असे नाही. ‘माझ्या गटावरचे बागेचे आरक्षण उठवा’, ‘डी. पी. रोड घरावरून जातो, तो सरकवा’, ‘शेजारचा गट पिवळा झाला, माझा का नाही?’ अशा अर्जांची संख्या मोठी असते. सातबारा आणि नकाशाचा उतारा जोडून गट नंबरासह केलेल्या अर्जावर समितीला नेमका निर्णय द्यावा लागतो. एकाच छापील नमुन्यावरच्या हजारो सह्या दबाव निर्माण करतात, पण सुनावणीत त्या बहुधा एकगठ्ठा निकाली निघतात.

या सोयीला चळवळीचे रूप आले ते वसईत. रेल्वेच्या पश्चिमेकडचा पट्टा केळीच्या बागा, पानवेली, भाजीपाला आणि फुले यांवर जगणारा. तिथली सुकेळी प्रसिद्ध आहेत, आणि ही सारी शेती उभी आहे गोड्या पाण्याच्या विहिरींवर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या हिरव्या पट्ट्याचा मोठा भाग नागरीकरणासाठी खुला करण्याचे धोरण आले आणि १९९० मध्ये सिडकोकडे वसई-विरार उपप्रदेशाचे नियोजन सोपवण्यात आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध रान उठवले. समितीचा मुद्दा भावनेपेक्षा पाण्याचा होता : नव्या इमारतींना टँकरने पाणी पुरवण्यासाठी विहिरी उपसल्या जात होत्या आणि समुद्राजवळच्या जमिनीत खारे पाणी आत शिरत होते. ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी या आंदोलनात एकत्र उतरले, ही त्याची मोठी जमेची बाजू. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक राहिलेले दिब्रिटो पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये मुंबई महानगराच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला तेव्हाही वसईकर हरकती घेऊन पुढे आले. मसुदा मराठीत मिळावा, ही त्यांची एक मागणी होती. पट्टा आज पूर्ण शाबूत नाही, पण रेल्वेच्या दोन बाजूंतला फरक अजूनही डोळ्यांना दिसतो.

मुंबईत २०१५ साली अख्खा आराखडाच मागे गेला. फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात आरे वसाहतीचा मोठा भाग विकासासाठी खुला केला होता; शिवाय वारसा वास्तूंवरून रस्ते आखण्यासारख्या ढोबळ चुका होत्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. गोव्यात याआधीच असे घडले होते. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला, पण गोवा बचाव अभियानाच्या रेट्यापुढे सरकारला तो जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. हरकतींची मुदत संपल्यावरही रस्त्यावरची हरकत चालते, एवढे त्यातून दिसले.

पुण्याचा अनुभव मिश्र आहे. १९९७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतील टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी (बीडीपी) राखण्याचा प्रस्ताव नागरिकांनी उचलून धरला आणि शासनाने २०१५ मध्ये तो मान्य केला. टेकड्यांचे मालक मात्र शेतकरी आहेत. त्यांना मोबदला किती आणि कसा, हा वाद पुढे रखडला. या बाजूबद्दल सहानुभूती न दाखवता ‘टेकडी वाचवा’ म्हणणे सोपे असते. मालकच विकासक झाल्याचेही उदाहरण इथे आहे : हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवले.

व्यवस्थेतील मोठी फट प्रकल्पाच्या पातळीवर आहे. बांधकाम परवानगी कलम ४४ व ४५ खाली मिळते. तिथे जाहीर सुनावणीची पायरीच नाही. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण याच अधिसूचनेने बांधकाम व नगर वसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. खाणीसाठी गावाला सुनावणी मिळते, वीसमजली पंधरा टॉवरांसाठी नाही. पाणी, सांडपाणी, रस्त्यावरची कोंडी हे प्रश्न मात्र याच पातळीवर कळू लागतात. ब्रिटनमध्ये अर्ज आला की शेजाऱ्यांना कळवण्याची किंवा जागेवर सूचना लावण्याची पद्धत आहे. महाराष्ट्राने आराखड्याची कल्पना बरीचशी ब्रिटिश वळणाची घेतली आणि ही पायरी सोडून दिली.

आराखडाच लांबला तर हरकतींनाही अर्थ उरत नाही. पुणे महानगर प्रदेशाचे प्रारूप २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये शासनाने ते रद्द केले. या काळात माण, म्हाळुंगे, हिंजवडीच्या परिसरात टॉवर उठतच होते, आणि त्या ग्रामीण पट्ट्याला लागू असलेला मंजूर प्रादेशिक आराखडा १९९७ सालचा होता.